उंच बॉनेटखाली कुणाचं इंजिन?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : पत्र लिहिणारे मूळचे वाई तालुक्यातले, सध्या नोकरीसाठी पुण्यात. गावी गोठ्याशेजारी त्यांच्या आजोबांची १९६८ची महिंद्राची पेट्रोल जीप, सीजे-३बी, अकरा वर्षं उभी आहे. घाटात तापून बंद पडली, तेव्हा मिस्त्रींनी ऑइलमध्ये पाणी पाहून ‘ब्लॉक गेला’ असं सांगितलं होतं. गेल्या दिवाळीत यांनी १९९४ची महिंद्राचीच एमएम ५४० डिझेल जीप ६५ हजारांना घेतली. बॉडी कुजलेली, पण गाडी चालू आणि कागद पूर्ण. बेत असा, की हिचं इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढचा-मागचा ॲक्सल आजोबांच्या जीपला बसवायचा आणि उरलेली गाडी भंगारात द्यायची. मिस्त्री म्हणतात, पंधरा दिवसांचं काम. चुलतभाऊ म्हणतो, मग ती आजोबांची जीप राहणार नाही. वडील म्हणतात, दोन्ही भंगारात घाला. आरसी बुक अजून आजोबांच्याच नावावर आहे आणि वडिलांच्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं आहे. ‘हे काम करू की नको?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

तुमच्या पत्रात ‘फक्त’ हा शब्द किती वेळा आलाय ते मी मोजलं. पाच वेळा. फक्त इंजिन उतरवायचं, फक्त एक प्लेट बनवून घ्यायची, फक्त शाफ्ट थोडा कापायचा, फक्त ॲक्सल सरकवायचे आणि शेवटी फक्त आरसीवर बदल करून घ्यायचा. जुन्या गाड्यांच्या नादात मीही बरीच वर्षं घालवलीत. माझा हिशेब असा, की एका ‘फक्त’मागे एक पावसाळा जातो.

आधी त्या मेलेल्या इंजिनाचं बघू. तुमचा सगळा बेत ते मेलंय या एका वाक्यावर उभा आहे आणि ते वाक्य अकरा वर्षांपूर्वी डिपस्टिक बघून उच्चारलेलं आहे. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं म्हणजे त्यात पाणी मिसळलं, एवढंच सिद्ध होतं. हेड गॅस्केट जळलं तरी असं होतं, हेडला चीर गेली तरी होतं. घाटात तापलेल्या गाडीच्या बाबतीत तर पहिला संशय गॅस्केटवर घ्यायचा, ब्लॉकवर नाही. हेड उतरवून कुणी पाहिलं होतं का? पत्रात तसं काही नाही.

तेव्हा कुठलाही नटबोल्ट इकडचा तिकडे करण्याआधी एवढं करा. चारही प्लग काढा, सिलिंडरमध्ये थोडं थोडं पातळ ऑइल सोडा आणि चार दिवस विसरून जा. मग पुढून हँडल घालून इंजिन हाताने फिरतंय का बघा. स्टार्टर मारू नका. अकरा वर्षांत रिंगा बोअरला धरल्या असतील तर स्टार्टर त्या तोडून टाकेल. इंजिन मोकळं फिरलं तर जुनं ऑइल काढून नवं भरा आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचे आकडे एकदम कमी आले, तर दोहोंमधलं गॅस्केट जळालेलं असण्याची शक्यता मोठी. मग हेड उतरवा आणि हेड-ब्लॉक दोन्ही प्रेशर टेस्टला न्या. बोअर झिजलेत? स्लीव्ह घालता येतात. पाण्याच्या जॅकेटला बाहेरून चीर आहे? वेल्डिंग न करता, थंड अवस्थेत टाके घालून ती बुजवता येते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपासून बोअरपर्यंत चीर गेली असेल, तर मात्र दुखणं मोठं. या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळे ती जागा नीट तपासायला सांगा. तुमच्याकडून कोल्हापूर लांब नाही. तिथलं उद्यमनगर ऑइल इंजिनांवर आणि ओतकामावरच मोठं झालं. जुना ब्लॉक बघून नाक न मुरडणारी माणसं तिथे अजून भेटतात.

आता भावाचं म्हणणं. तुम्ही त्याला उत्तर दिलंत, की इंजिन बॉनेटखाली असतं, ते दिसतंय कुणाला. इथे मी भावाच्या बाजूने आहे, आणि भावनेपोटी नाही. तुमच्या जीपचं बॉनेट आधीच्या विलीज जीपपेक्षा उंच का आहे, माहीत आहे? जुन्या जीपचं इंजिन बुटकं होतं, सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच. नंतर ‘हरिकेन’ हे इंजिन आलं, २२०० सीसीच्या आसपासचं. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह डोक्यावर गेले आणि इंजिन उंच झालं. ते जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून १९५३मध्ये अमेरिकेत विलीजने बॉनेट आणि जाळी दोन्ही उचलली आणि तिला सीजे-३बी नाव दिलं. महिंद्राने तेच थोबाड आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवलं. म्हणजे लांबून पाहून ‘ती बघ आबांची जीप’ असं ज्या उंच नाकावरून गाव म्हणत असेल, ते नाक त्या इंजिनामुळेच उंच आहे. इंजिन बदलू नये असा याचा अर्थ नाही. पण ते ‘दिसत नाही’ असं म्हणू नका.

समजा, ब्लॉक खरोखर गेलेला निघाला. तरीही तुमच्या बेतात मला जे खटकतं ते वेगळंच आहे. तुम्ही दोन जीपकडे सुट्या भागांचा एक ढीग म्हणून बघताय. गाडीत प्रत्येक भाग पुढच्याचं माप ठरवत जातो. ५४०चं प्यूजो डिझेल, २११२ सीसीचं, तुमच्या जुन्या तीन गिअरच्या टी-९० बॉक्सला सरळ बसणार नाही. दोहोंमध्ये जोडप्लेट बनवून बसवलं, तर इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा मध्य तंतोतंत जुळायला हवा. लेथवाल्याला डायल लावून तपासायला सांगा. पाव मिलीमीटरचा फरकही जास्त झाला. मध्य हुकलेली जोडी पहिल्या दिवशी छान चालते. सहा महिन्यांनी क्लचप्लेट जाते, मग इनपुट शाफ्टचं बेअरिंग, मग पुन्हा क्लचप्लेट, आणि माणूस पार्ट डुप्लिकेट आहेत म्हणून दुकानदाराशी भांडत बसतो.

प्लेट नको म्हणून ५४०चा चार गिअरचा बॉक्सही घ्यायचा, असं तुम्ही लिहिलंय. बरोबर विचार, इंजिन आणि गिअरबॉक्सची जोडी फोडू नये. पण तुमच्या जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर फक्त ८० इंच आहे (हा माझा ‘फक्त’) आणि ५४० त्याहून लांब चेसीची. लांब गाडीची लांब जोडी आखूड गाडीत ठेवली, की ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी, मागे सरकते. मग तिथून मागच्या ॲक्सलकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट, जो मुळातच आखूड आहे, वीतभर राहतो आणि त्याचा कोन तिरका होतो. तिरक्या कोनात शाफ्टच्या टोकांचे सांधे, म्हणजे क्रॉस, टिकत नाहीत, आणि गाडी ताशी चाळीसच्या पुढे घूं-घूं करते ती वेगळीच. शाफ्ट कापला तर दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत ठेवून जोडला पाहिजे आणि बॅलन्सही करून घेतला पाहिजे. हे काम गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात होत नाही.

पुढे डिझेलला टाकीकडे परतीची नळी लागते, तुमच्या सीटखालच्या टाकीला ती नाही. माउंटिंग नवे, कारण डिझेलची थरथर वेगळी. रेडिएटर, सायलेन्सर, क्लचची लिंक, स्टेअरिंगच्या रॉडला इंजिन अडतंय का हे बघणं... पंधरा दिवसांत बहुधा इंजिन आत लोंबकळलेलं दिसेल. तिथून पुढचं काम हजार बारीक गोष्टींचं असतं, आणि मिस्त्री तेव्हा दुसऱ्या गाडीखाली असतात.

ॲक्सलविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण याच प्रश्नाची आणखी चार पत्रं माझ्याकडे पडून आहेत. जुन्या जीपमागे उभे राहून खाली बघा. डिफरन्शियलचा गोळा मधोमध नाही, उजवीकडे आहे, कारण स्पायसर १८ ट्रान्सफर केसमधून मागचा शाफ्ट उजव्या अंगानेच निघतो. तुमच्या दोन्ही जीप या बाबतीत एकाच घराण्यातल्या आहेत, सुदैव समजा. पण ज्यांना कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात कुणी ‘मजबूत आहे, घेऊन टाका’ म्हणून मधोमध गोळा असलेला ॲक्सल दाखवतो, त्यांनी हात मागे घ्यावा. तो बसवायचा तर ट्रान्सफर केसही बदलावी लागते, आणि मग ट्रान्सफर केस म्हणते, मला गिअरबॉक्स दुसरा हवा.

दुसरी गोष्ट क्राऊन-पिनियनच्या, म्हणजे ॲक्सलच्या गोळ्यातल्या मोठ्या-छोट्या दातेरी चाकांच्या, दातांची. सीजे-३बीचं प्रमाण ५.३८, म्हणजे ४३ दात आणि ८ दात. जीपच्या घराण्यात ४.८८ आणि ४.२७सुद्धा सापडतात. तीस वर्षांत कुणी काय बदललं असेल सांगता येत नाही, म्हणून ५४०चं स्वतः मोजा. हँडब्रेक सोडा, गिअर आणि ट्रान्सफर केस न्यूट्रलला, उरलेल्या चाकांना दगड लावा. मागचं एकच चाक जॅकवर उचला आणि खाली स्टँड द्या. शाफ्टवर आणि टायरवर खडूची खूण करा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि दुसऱ्याला शाफ्टचे फेरे मोजायला सांगा. पाच आणि एक तृतीयांशाहून किंचित जास्त आले तर ५.३८. पाचला थोडे कमी पडले तर ४.८८. सव्वाचार आले तर ४.२७. मग हेच पुढच्या ॲक्सलला करा.

पुढचा आणि मागचा आकडा एकच आला पाहिजे. यात तडजोड नाही. मी हे स्वतः न मोजता एका गॅरेजवाल्याच्या शब्दावर मागे ५.३८ ठेवून पुढे ४.८८ बसवून घेतला होता. टू-व्हीलमध्ये आठ महिने काही कळलं नाही. मग पावसात एका चढावर डांबरावरच फोर-व्हीलचा दांडा ओढला, गाडी खालून कुंथायला लागली आणि दांडा परत सुटेना. शेवटी रिव्हर्समध्ये गाडी हलवून हलवून सोडवला. ट्रान्सफर केसचे दात शाबूत निघाले, ती माझी हुशारी नव्हे.

प्रमाण बदलून हायवेला ९०ने जायचं, हे तुमच्या पत्रातलं छोटंसं वाक्यही मी सोडणार नाही. सहा-सोळाचा टायर जमिनीवर एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर जातो. टॉप गिअरला इंजिन ३००० फेरे फिरत असेल तर ५.३८वर गाडी ताशी ७३-७४ किलोमीटर जाते, ४.८८वर ८१, ४.२७वर ९२-९३. गणित सोपं आहे, मोह होतो. पण त्याच ४.२७ने चाकाला मिळणारा जोर पाचव्या हिश्श्याने कमी होतो, म्हणजे पसरणी घाटात एक गिअर खाली. आणि गाडी ९०ने पळाली तरी ती थांबणार आहे १९६८च्या ड्रमब्रेकने, आखूड अंगाची, स्प्रिंगच्या पाट्यांवर उभी. खरं सांगा, तुम्हाला आजोबांची जीप हवी आहे, की शनिवारी पुण्याहून गावी यायला एक जीप हवी आहे? दोन्ही इच्छा चांगल्या आहेत. त्या एकाच चेसीवर बसवायचा हट्ट तेवढा महाग पडतोय.

आता कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार आरसीवरची माहिती आणि कंपनीने दिलेली मूळ माहिती यात तफावत पडेल असा बदल परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे आणखी स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात न बसणाऱ्या प्रत्येक फेरफाराला पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही असं कलमही आलं. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन घालणं आणि पेट्रोल काढून डिझेल घालणं यांत आरटीओच्या टेबलावर जमीन-अस्मानाचा फरक आहे. या दुसऱ्या बदलाच्या बाबतीत ‘आधी करू, मग पासिंगला बघू’ म्हणणारा एजंट भेटेल. त्याला नमस्कार करा आणि आधी लेखी अर्ज देऊन काय उत्तर येतं ते पाहा. विम्याचंही तेच आहे. अपघातानंतर इंजिन नंबर जुळला नाही की कंपनीला आयतं कारण मिळतं.

तुमच्या जीपच्या बाबतीत आणखी एक दार आहे आणि ते तुम्ही नकळत बंद करायला निघालात. जुलै २०२१मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. शुल्क २० हजार, मुदत दहा वर्षं. १९६८ची गाडी वयाने केव्हाच पात्र झाली. पण चेसी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार असेल तर हे दार बंद. अशा नोंदणीनंतर गाडी रोज वापरता येत नाही; प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कारणांसाठीच रस्त्यावर काढायची. तुम्हाला रोज वापरायचीच असेल तर नेहमीचं नूतनीकरण, थकलेला पर्यावरण कर वगैरे आहेच. पण निवड तुमच्या हातात राहू द्या, प्यूजोच्या हातात देऊ नका.

आणि या सगळ्याच्या आधीचा मुद्दा. आरसी आजोबांच्या नावावर आहे. म्हणजे ती जीप आज तुमची नाही, सगळ्या वारसांची आहे. त्यात वडील आले, काका आले, आत्या असतील तर त्याही आल्या. वारसाच्या नावावर गाडी करायचा अर्ज नमुना ३१मध्ये असतो आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. चुलतभाऊ नुसता हळवेपणा करत नाहीये, त्याच्या वडिलांचा त्या गाडीत हिस्सा आहे. ज्या गाडीवर आपलं नाव नाही तिचं इंजिन उतरवून घराबाहेर काढलं, तर उद्या घरात कोणत्या भाषेत बोलणं होईल याचा विचार करा. पंधरा दिवसांचं काम आधी हे आहे, आणि तेही पंधरा दिवसांत होणार नाही.

मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं? ५४० तोडली नसती. चालू इंजिन, पूर्ण कागद आणि कुजलेली बॉडी, ही गाडी डोनर म्हणून, म्हणजे नुसती भाग काढायला, वाया घालवण्यासारखी नाही. पत्रा बदलता येतो. सरळ चेसी आणि जुळलेली जोडी विकत घेऊन मिळत नाही. आधी तिची चेसी माउंटिंगपाशी आणि पाट्यांच्या शॅकलपाशी हातोडीने ठोकून बघा. ठणठणीत वाजली तर बॉडी उतरवून पत्र्याचं काम करा आणि तिनेच शनिवारी गावी या. चेसीच कुजलेली निघाली, तर मात्र तिचे भाग काढायला माझी हरकत नाही. फक्त (पुन्हा तो शब्द) गाडी कायमची मोडीत काढल्याचं आरटीओला १४ दिवसांत कळवून आरसी जमा करा. मोडलेल्या गाडीचा चेसी नंबर दुसरीकडे गेलेला सापडला तर ती चोरीची केस होते, हौस राहत नाही.

आजोबांच्या जीपला तिचंच इंजिन. दुरुस्त होत असेल तर हाच ब्लॉक, अगदीच नाही तर दुसरं हरिकेन शोधून, त्याची पावती घेऊन, आरटीओला आधी विचारून. सुटे भाग हळूहळू मिळतात, घाई नसेल तर स्वस्तातही मिळतात. ५४०कडून तिला काही द्यायचंच असेल तर सुट्टीच्या दिवशी हात कसे काळे करायचे हा सराव द्या. हीच गाडी आधी उघडून बसवलीत की १९६८च्या जीपचे बोल्ट तुमच्या हातून कमी तुटतील.

वडिलांबद्दल एक विचारू? जी गाडी भंगारात घाला म्हणतात, तिचं आरसी बुक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात कशाला ठेवलंय त्यांनी? अकरा वर्षांपूर्वी घाटात ती तापली तेव्हा स्टेअरिंगवर कोण होतं, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. तुम्हाला माहीत नसेल तर विचारून बघा. हेड उतरवायच्या दिवशी टॉर्च धरायला कुणीतरी लागणारच आहे.

गॅस्केट निघालं की ब्लॉक, ते कळवा. आणि पाऊस लागायच्या आत ५४०वर ताडपत्री टाका. ब्लॉकचा निकाल लागेपर्यंत तिची बॉडी आणखी कुजायला नको.